अण्णांची दहा मिनिटं

मोसंबीला तहानलेलं ठेवायचे दिवस पुन्हा आले आहेत. वडीगोद्रीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा दिसतात, आणि सगळ्या मलूल. परक्या माणसाला वाटावं, काय हे हाल झाडांचे, कुणी पाणी का देत नाही? पण विहिरीत पाणी असूनच दिलेलं नसतं. याला आमच्याकडे ताण म्हणतात. थंडी पडली की बागेचं पाणी तोडायचं, पानं चुरगळू द्यायची, थोडी गळूही द्यायची, आणि मग एके दिवशी हलकं पाणी सोडायचं. त्या पहिल्या पाण्याला आंबवणी म्हणतात. त्यानंतर झाड असं फुलतं की नुसतं बांधावर उभं राहिलं तरी वासानं डोकं जड होतं. बारमाही सुखात ठेवलेलं झाड नुसती पानं काढतं, असं जुनी माणसं सांगतात, आणि सांगताना सुनांकडे बघतात.

काल काकूंचा फोन आला. पानं चुरगळली, आता कधी येतेस, एवढंच विचारलं. या काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. पण ताणाचे दिवस आले की मला आधी त्यांची आठवण येते, मग त्यांच्या यजमानांची, अण्णांची, आणि मग विहिरीजवळच्या खांबावरच्या त्या डब्याची. तिघांना वेगळं करून आठवायचं म्हटलं तर मला जमत नाही.

माझं काम मातीतला ओलावा मोजायचं. झाडांच्या मुळांशी हातभर लांबीच्या कांड्या पुरलेल्या असतात. माती किती ओली आहे ते त्या थोड्या थोड्या वेळानं बिनतारी सांगत राहतात, आणि खांबावरचा एक डबा ते ऐकून साठवून ठेवतो. त्या डब्याला गेटवे म्हणतात. आजूबाजूच्या चार-पाच बागांच्या कांड्यांचं तो एकटा ऐकतो. त्याच्या डोक्यावर सोलरची पाटी असते, तिच्यावर त्याचं पोट चालतं. जिथे मोबाइलची रेंज आहे तिथला डबा सगळं आमच्या जालन्याच्या ऑफिसात पाठवून मोकळा होतो. जिथे रेंज नाही तिथे महिन्या-दीड महिन्यानं मी स्कूटी घेऊन जाते आणि त्याच्या पोटातलं फोनवर उतरवून घेते.

यातली खरी गोम ओलाव्यात नाही, वेळेत आहे. कांडीला घड्याळ नसतं. तिला फक्त ‘आत्ता’ कळतं. आत्ता म्हणजे किती वाजता, ते डबा ठरवतो. पाणी कधी सोडलं आणि ते मुळाशी कधी पोचलं, हे नेमकं कळलं तरच किती द्यायचं ते ठरवता येतं. म्हणजे डब्याचं घड्याळ चुकलं की सगळ्या शिवाराचं चुकलं. पिंपळगाव रेणुकाईचा आमचा डबा उंचावर आहे, त्याला रेंज मिळते आणि वेळही हवेतून आयती मिळते. वडीगोद्रीच्या पलीकडे, खोलगटात असलेल्या अण्णांच्या डब्याचं नशीब तसं नव्हतं. त्याला कुणीतरी माणसानं जाऊन वेळ सांगावी लागायची. फोन घेऊन जवळ उभं राहायचं, ॲपमधलं ‘वेळ जुळवा’ दाबायचं, की फोनमधली वेळ डब्यात उतरायची. पुढे तो ती धरून चालायचा, मनगटी घड्याळात असतो तशा एका बटण सेलच्या जिवावर. सेल संपला आणि वर आभाळ भरून आलं की डबा सगळं विसरायचा आणि जागा व्हायचा तो थेट एकोणीसशे सत्तर सालात. आमच्या धंद्यातली पुष्कळशी घड्याळं आठवण गेली की त्याच सालात जातात. का, ते सांगत बसले तर लेख तिथेच संपेल.

मी स्वतः वेळेची फार काटेकोर बाई आहे, आणि त्यापायी घरादारानं मला पुरेसं छळलं आहे. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा असला की अक्षता पडेपर्यंत तीन वाजतात, नवरदेव अजून वेशीत नाचत असतो, आणि पत्रिकेवर मात्र वेळेवर येण्याची नम्र विनंती छापलेली असते. मी एकटीच बाराला मांडवात जाऊन रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसते. माझी नणंद मला भोंगा म्हणते.

म्हणून अण्णा मला पहिल्याच भेटीत आवडले. मी दहाला येते म्हटलं होतं आणि दहाच्या आतच पोचले. अण्णा विहिरीवर उभे होते. पांढरं धोतर, वर स्वेटर, उजव्या मनगटावर पोलादी पट्ट्याचं घड्याळ. त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, “म्याडम, लेट झालात.” आयुष्यात मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी माझा फोन दाखवला, तर त्यांनी तो बघितलासुद्धा नाही.

डबा बसवला, कांड्या पुरल्या, अण्णांच्या फोनवर ॲप टाकून दिलं. डबा कधी झोपला तर काय करायचं ते त्यांना शिकवलं आणि त्यांनी ते माझ्यादेखत करून दाखवलं. पहिल्याच हंगामात घोळ झाला. ऑफिसात साहेबांनी आलेख उघडले आणि म्हणाले, ह्या शेतकऱ्याला जरा सांगा, शेजारच्या शिवारात लाइट आल्याबरोबर पाणी सुरू होतं, ह्यांचं रोज उशिरा. मी ते अण्णांना जाऊन सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरला. ते विहिरीत बघत राहिले. मग म्हणाले, “साऱ्या शिवारात माझी मोटर पयले चालू होती. इचारा कुणालाबी. मला लेट म्हणणारा अजून पैदा व्हायचाय.”

त्यांचं खरं होतं. त्यांचा फोन आणि माझा फोन शेजारी शेजारी धरले तेव्हा उलगडा झाला. अण्णांचा फोन चांगला दहा मिनिटं पुढे होता. त्यांनी मुद्दाम तसा करून घेतला होता. तीच वेळ डब्यात उतरली होती, म्हणून नऊला सुटलेलं पाणी डबा नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटलं म्हणून टिपत होता. सगळ्या शिवारात सगळ्यांच्या आधी पोचणारा माणूस आमच्या आलेखात रोज उशीर करत होता. मी हसले. अण्णा हसले नाहीत. मी म्हटलं, फोनची वेळ बरोबर करून देते, एका मिनिटाचं काम आहे. ते म्हणाले, “माझा बराबर हाय. तुमचाच मागं हाय.” त्यानंतर मी तो नाद सोडला. त्या डब्याच्या नोंदी आल्या की मी ऑफिसात बसून त्यातून दहा मिनिटं वजा करायची. शेजारच्या बागायतदारांना बरोबर वेळ मिळायची, अण्णांना त्यांची.

ही दहा मिनिटं त्यांनी जालन्याहून आणली होती. तरुणपणी ते एमआयडीसीत एका सळईच्या मिलमध्ये कामाला होते. एकदा सकाळचा टेम्पो चुकला, धावतपळत पोचले तोवर भोंगा होऊन गेट लागलं होतं. दिवसभर ते गेटाबाहेर बसून राहिले, कारण परतीचा टेम्पो संध्याकाळशिवाय नव्हता. आत सोबती काम करताहेत, भट्टीचा आवाज येतो आहे आणि आपण बाहेर दगडावर, हे त्यांना फार लागलं. त्या दिवशी त्यांनी घड्याळ पुढे केलं. पुढे मिल सुटली, ते गावी येऊन शेतीला लागले, पण घड्याळ काही मागं आलं नाही.

शेतीत त्याचा उपयोगच झाला म्हणायचा. मोटारीची लाइट ठरलेल्या वेळेला येते. सगळ्यांनी मोटारींना आपोआप चालू करणारे ऑटो बसवलेले, त्यामुळे लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीचा, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडतो. मग अख्खा दिवस वायरमनची वाट बघण्यात जातो. अण्णांनी आपला ऑटो काढून टाकला होता. ते आधीच जाऊन विहिरीवर उभे राहायचे, लाइट आली की आपली मोटर सुरू करायचे, मग शेजाऱ्यांना एकेक करून हाका मारायचे. हळूहळू त्या डीपीवरच्या सगळ्यांनीच ऑटो काढले. अण्णांची हाक आली की आपला नंबर, असं ठरून गेलं.

काकू नेहमी त्यांच्या मागून यायच्या. घरापासून विहिरीपर्यंतचा बांध इतका अरुंद आहे की दोन माणसं शेजारी चालूच शकत नाहीत. पुढे अण्णा, हात पाठीमागे बांधून, आणि मागे दहा-बारा पावलांवर काकू, डोक्यावर पाटी, हातात चहाची किटली. बाजाराला जाताना तसंच, देवळात जाताना तसंच, लेकाच्या लग्नाच्या मिरवणुकीतही तसंच. मी एकदा काकूंना म्हटलं, तुम्ही कधी पुढे चाललाच नाहीत का? त्या म्हणाल्या की लग्न करून आल्या त्या दिवशी ह्यांची पाठ बघत आल्या, तेव्हापासून रस्ता काही बघितला नाही, पाठच बघितली. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांचं एकूण बोलणंच असं, पीठ चाळल्यासारखं, बारीक आणि एका लयीत.

वेळेचं म्हणाल तर काकूंना घड्याळाची गरज पडत नसे. दिवस कासराभर वर आला की भाकरी, सावली पायात आली की जेवण. अण्णा घड्याळात बघून सांगायचे की बारा वाजले, आणि काकू सावलीकडे बघून मनातल्या मनात ठरवायच्या की अजून वाजायचेत.

दोन वर्षांपूर्वीच्या ताणात डब्याचा सेल संपला. थंडीतच दोन-तीन दिवस ढग राहिले आणि डबा सत्तर सालात जाऊन बसला. मी नवा सेल घेऊन गेले. सेल बसवला आणि वेळ जुळवायला माझा फोन काढला, तर अण्णा म्हणाले, थांबा, मी दाबतो. मी थांबले. त्यांनी चष्मा लावला, फोन डब्याजवळ नेला, देवाला हात लावावा तसं एक बोट लावून बटण दाबलं. डब्याच्या काचेवर आकडे आले. ते त्यांनी आपल्या मनगटाशी ताडून बघितले आणि मान हलवली. मागे काकू किटली घेऊन उभ्या होत्या. आम्ही तिघांनी तिथेच चहा घेतला. आंबवणी कधी द्यायची यावर अण्णा बराच वेळ बोलले. मला त्यातलं आता थोडंच आठवतं. जास्त लक्ष द्यायला हवं होतं असं वाटतं, पण आपण चहा पिताना तो काय शेवटचा म्हणून पीत नसतो.

आंबवणी झाली. कळ्या मुगाएवढ्या झाल्या असतील-नसतील, आणि एका सकाळी अण्णांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आली, तिच्यात अण्णांना घातलं, सोबत शेजारचे दोघं बसले. काकूंना लोक म्हणाले, घर लावून, जनावरांचं बघून मागून या. काकू मागून एका टेम्पोत बसून गेल्या. जालन्याला दवाखान्यात पोचल्या तोवर सगळं आटोपलं होतं.

मी भेटायला गेले तेव्हा बाग फुलली होती. ओसरीवर बायका बसलेल्या, आणि आत-बाहेर सगळीकडे तो वास. इतका गोड वास त्या घरात त्या दिवशी नकोसा वाटत होता, पण बागेला कोण थांबवणार. काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “तिथंबी पुढंच गेले गं माय. म्या मागून पोचले.” मला रडू आवरलं नाही. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यांचा मुलगा संभाजीनगरला नोकरीला आहे. चांगला आहे, आईवर जीव आहे त्याचा. दहाव्या-तेराव्याचं सगळं त्यानं रीतसर केलं. जाताना वडिलांचं घड्याळ आठवण म्हणून स्वतःच्या हातात घातलं. वडिलांचा फोन आईसाठी नीट करून ठेवला, नको ते सगळं काढून टाकलं, आणि वेळ चुकलेली दिसली म्हणून तीही बरोबर केली. भिंतीवरचं घड्याळही दहा मिनिटं पुढे होतं, तेही बरोबर करून गेला. आईला गैरसोय नको म्हणून प्रेमानं केलेलं सगळं. काकू त्याला एक शब्द बोलल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या ऑफिसात नवे डबे आले. त्यांना वर एक छोटा अँटेना असतो, तो थेट आकाशातल्या उपग्रहांकडून वेळ घेतो. रेंज नको, सेलची कटकट नको, कुणी जाऊन बटण दाबायला नको. मला फार आनंद झाला होता. खोलगटातल्या डब्यांवर इतकी वर्षं मी चरफडत होते, त्यांचा कायमचा बंदोबस्त होणार होता. साहेबांनी सांगितलं, सगळे बदलून टाका. मी पहिला नवा डबा घेऊन अण्णांच्याच विहिरीवर गेले.

काकूंनी विचारलं, हे काय करून राह्यलीस. मी उत्साहानं समजावून सांगितलं की आता ह्याची वेळ पापणी लवण्याइतकीही चुकणार नाही. काकू जुन्या डब्याजवळ गेल्या. बाजूचं बटण दाबलं की काचेवर आकडे उमटायचे, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बटण दाबलं, आकडे बघितले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “मंग ह्यांचा टाइम?”

मला लगेच कळलं नाही. त्यांनी मग सावकाश सांगितलं. हातातलं घड्याळ गेलं, फोनमधलं गेलं, भिंतीवरचंही बरोबर झालं. ह्यांनी स्वतःच्या बोटानं लावलेली वेळ आता एवढ्या एका डब्यात चालू आहे. “राहू दे माय,” त्या म्हणाल्या. “तेवढाच राह्यला.”

नवा डबा मी पिशवीतून काढलाच नाही. ऑफिसात सांगितलं की तिथला खांब हलतो आहे, पावसाळ्यानंतर बघू. साहेबांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, कारण मी कामं पुढे ढकलणारी बाई नाही. वजाबाकी करायची मला सवय होतीच. शेजाऱ्यांचं काही बिघडणार नव्हतं.

पण एक गोष्ट मला माहीत होती आणि काकूंना नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. त्या डब्यात वेळ धरणारा जो खडा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा, तो काही पक्का नसतो. फार उन्हात तो मंदावतो आणि फार थंडीतही मंदावतो. मराठवाड्याच्या उन्हात खांबावरच्या पत्र्याच्या डब्याला हात लावता येत नाही, मग आतल्या खड्याची काय कथा. एरवी कुणी ना कुणी जाऊन वेळ जुळवतो, म्हणून ते कळत नाही. इथे आता जुळवणारं कुणी नव्हतं. दर फेरीला माझ्या फोनची वेळ आणि डब्याची वेळ मी ताडून बघायची, आणि दर फेरीला अण्णांची दहा मिनिटं थोडी कमी झालेली असायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेले तेव्हा थोडीशीच झिजली होती. उन्हाळ्यानं बरीच खाल्ली. पोळ्याला गेले तेव्हा निम्म्याहून कमी उरली होती. बैलाच्या शिंगांना रंग लावलेले, दारादारांत पुरणाचा वास, आणि मी विहिरीवर उभी राहून एका मेलेल्या माणसाची उरलेली मिनिटं मोजत होते. घरी येताना स्कूटीवर मला उगीचच हुंदका आला.

एकदा मनात आलं, सोपं आहे. माझा फोन दहा मिनिटं पुढे करायचा, डब्याजवळ जाऊन बटण दाबायचं, की पुन्हा होतं तसं झालं. काकूंना कधी कळणारही नाही. मी फोन पुढे केलासुद्धा. मग वाटलं, ही दहा मिनिटं माझी झाली. अण्णांनी लावलेली ती नव्हेत. मी फोन पुन्हा होता तसा करून ठेवला आणि पाणी पिऊन आले.

काकूंना सांगावं की नाही, हे मला वर्षभर ठरवता आलं नाही. त्या दर वेळी किटली घेऊन यायच्या. बांधावरून एकट्या. आम्ही चहा घ्यायचो, त्या बागेचं सांगायच्या, मुलाचं सांगायच्या. डब्याचं नाव त्या काढत नसत आणि मीही काढत नसे. डीपीवरच्या मोटारींचं काय झालं ते मात्र त्यांनी एकदा सांगितलं. हाक मारणारं कुणी राहिलं नाही, त्यामुळे लोकांनी एकेक करून पुन्हा ऑटो बसवले होते. फ्यूज उडायला लागला होता. हे सांगताना त्या हसल्या, आणि मग त्यांनी तोंडाला पदर लावला.

दिवाळी झाली. थंडी पडली. बागांचं पाणी तुटलं आणि पुन्हा सगळं शिवार मलूल झालं. अण्णांच्या बागेत आता काकू ताण देत होत्या. पान हातात घेऊन चुरगळून बघायच्या आणि स्वतःशीच मान हलवायच्या, अगदी अण्णांसारखी. त्या वर्षी ताण लांबला, त्यामुळे आंबवणीआधीच अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. आंबवणीचा दिवस काकूंनी ठरवला आणि मला कळवला. मी मनाशी अंदाज केला. डब्यातली दहा मिनिटं त्याच सुमारास पुरती संपणार होती. मी जाताना नवा डबा पिशवीत घातला, का घातला ते मला नक्की सांगता येणार नाही. त्या रस्त्याला मी कधी इतकी हळू गेले नव्हते.

सकाळची वेळ होती. दिवस कासराभर वर आलेला. काकू माझ्या आधीच विहिरीवर येऊन डब्याजवळ उभ्या होत्या. त्यांच्या हातात अण्णांचा तो फोन होता, मुलानं बरोबर करून दिलेला. त्यांनी मला जवळ बोलावलं, डब्याचं बटण दाबलं आणि फोन काचेशेजारी धरला. दोन्हीकडे एकच वेळ होती. आम्ही बघत असताना दोन्हीकडचा शेवटचा आकडा एकदमच बदलला.

मी म्हटलं, काकू, तुम्हाला सांगणार होते मी. त्यांनी मला थांबवलं.

“मला काय कळत न्हाई व्हय?” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी बघत आल्ते म्या. पयले वाटलं, हेबी संपून राह्यलं. लई रडले. मंग वाटलं, जनमभर पुढं पुढं गेले, आता माझ्यासाठी थांबून राह्यलेत. थोडं थोडं. रोज जरासं जवळ.” त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. “आज आले बराबरीला.”

मी रडत होते. त्या रडत नव्हत्या. सगळं शिवार शांत होतं, लाइट यायची होती. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं की उद्या काय होईल. खोटं बोलायची माझी तयारी होती, पण त्या बाईपुढे ते जमलं नसतं. मी सांगितलं की आता तो मागं पडत जाईल.

“मंग न्हाई,” काकू म्हणाल्या. “मागं पडलेले न्हाई बघवायचे मला. तो माणूस मागं राहणारा नव्हता. आज बसव तुझं नवं.”

मी जुना डबा उतरवला, नवा चढवला. अँटेना आभाळाकडे केला. थोडा वेळ लाल दिवा लुकलुकला, मग हिरवा झाला, म्हणजे वेळ मिळाली. नव्या डब्याला काच नाही. आकडे दिसत नाहीत, नुसता हिरवा दिवा. काकूंनी त्याच्या चारी बाजू बघितल्या आणि टाइम कुठे दिसतो ते विचारलं. मी म्हटलं, दिसत नाही काकू, आत असतो. त्यांनी जुना डबा माझ्या हातातून घेतला, पदरानं त्याची काच पुसली आणि पाटीत ठेवला. सेल काढू का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तेवढ्यात लाइट आली. शिवारातल्या मोटारी एकदम उठल्या, काकूंनीही आपली मोटर सुरू केली, आणि त्या दिवशी नवल म्हणजे फ्यूज उडाला नाही. बागेच्या वरच्या अंगाचा व्हॉल्व्ह उघडायचा होता. काकूंनी पाटी डोक्यावर घेतली आणि बांधावरून निघाल्या. मी त्यांच्या मागे. दोन्ही बाजूंना सुकलेली झाडं, कोरडी माती, पाईपातून येणाऱ्या पाण्याची घरघर.

चार-सहा पावलं गेल्यावर त्या थांबल्या. बांधावरून खाली वाफ्यात उतरल्या, एका हातानं डोक्यावरची पाटी धरून, आणि मला वाट करून दिली.

“तू व्हय पुढं, माय,” त्या म्हणाल्या. “मला पुढं चालायची सवय न्हाई.”

मी पुढे झाले. मागून त्यांची पावलं वाजत होती, दहा-बारा पावलांच्या अंतरानं. व्हॉल्व्ह येईपर्यंत मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.